बॅटरी सारखी उतरतेय? डायनॅमो बदलायच्या आधी मीटर कुठे आणि कुठल्या क्रमाने लावायचा

बॅटरी उतरली की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. आधी धक्का, मग जंपर, मग नवी बॅटरी, आणि तीही दोन महिन्यांत झोपली की डायनॅमो. एवढा खर्च करून झाल्यावर मग कोणीतरी मीटर काढतं. खरं तर मीटर पहिला आणि पाना नंतर असं पाहिजे, आणि मीटरसुद्धा क्रमानेच लावायचा, कारण अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीवर अल्टरनेटर तपासला तर चांगला अल्टरनेटर खराब वाटतो आणि खराब असलेला कधी कधी पास होऊन जातो. (अल्टरनेटर म्हणा नाहीतर डायनॅमो म्हणा, गॅरेजमध्ये दोन्ही एकच. मीही इथे तसंच लिहिलंय.)

खालचे टप्पे १२ व्होल्टच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहेत. टप्पा गाळून पुढे जाऊ नका, बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

## तयारी

साधा डिजिटल मीटर, दहा नंबरचा पाना, टॉर्च, जुना टूथब्रश, खायचा सोडा, थोडं व्हॅसलीन आणि वही-पेन. वही खरंच घ्या, कारण सात-आठ आकडे येणार आहेत आणि ते डोक्यात राहत नाहीत. बॅटरी चार्जर स्वतःचा नसला तर बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावता येते, फार पैसे घेत नाहीत.

मीटरमधला ९ व्होल्टचा सेल आधी बदला. सेल उतरलेला मीटर आकडे वाढवून दाखवतो, म्हणजे बॅटरी असते १२.२ आणि मीटर म्हणतो १२.८, आणि आपण खुश. सेल बदलून झाला की अजून एक चाचणी करून घ्या, गाडी बंद असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावा. शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. स्वस्तातले बरेच मीटर इथे २५-२७ असलं काहीतरी भलतंच दाखवतात. तो दोष बॅटरीचा नाही, मीटरचा आहे, आणि तसा मीटर असला तर टप्पा ७ त्याच्यावर करू नका. बाकी सगळं चालेल.

सावधान: अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. ओढणी, लांब साखळी, गळ्यात लोंबणारं काहीही आत टाका. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून जवळ सिगरेट-काडी नको.

## टप्पा १: चावी फिरवा आणि लाल दिवा बघा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटर कन्सोलवर लाल बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे.

चावी ऑनला दिवा लागतच नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण आपण दिवा लागला की घाबरतो, नाही लागला तर कोण बघतंय. पण जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये याच दिव्याच्या वायरमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला किंवा अल्टरनेटरच्या मागचा छोटा प्लग निसटला की चार्जिंगच सुरू होत नाही. पन्नास रुपयांच्या बल्बपायी डायनॅमो खोलला जातो तो असा. गाडी चालू असताना दिवा अगदी मंद मिणमिणत असेल तर डायोड प्लेटवर (अल्टरनेटरमधला एसी करंट डीसी करणारा भाग) संशय ठेवा, आणि एसी लावला की दिवा लागतोय असं असेल तर आधी बेल्ट बघा.

उलटं मात्र धरू नका. दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग ठीक आहे असं अजिबात नाही.

## टप्पा २: इंजिन बंद, चावी खिशात, आता डोळ्यांनी बघा

बेल्टपासून सुरू करा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल, चिरा पडल्या असतील, तेल लागलं असेल तर बेल्ट घसरतोय असं समजा. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर किंवा डबक्यातून गेल्यावर जो चीं असा आवाज येतो तो हाच. नवीन डिझेल गाड्यांमध्ये अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, तो गेला की बेल्ट ठणठणीत असूनही अल्टरनेटर नीट फिरत नाही.

जुनी बोलेरो, सुमो असल्या डिझेल गाडीवाल्यांनी अजून एक बघायचं. तिथे डायनॅमोच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गेलं की ऑइल डायनॅमोत शिरतं, कार्बन (आतले ब्रश) चिकट होतात आणि चार्जिंग कधी येतं कधी जातं. अशा डायनॅमोत नुसते कार्बन बदलून उपयोग नाही, सील आधी. आणि या गाड्यांचा बेल्ट तुटला तर ब्रेकसुद्धा कडक होतो हे लक्षात असू द्या, "बॅटरीवर जाऊ घरापर्यंत" असला विचार करू नका.

मग बॅटरीचे टर्मिनल. हाताने पिळून बघा. हाताने हललं म्हणजे सैल. पांढरी-हिरवी पूड जमली असेल (कोकणात, समुद्राकाठी तर हे ठरलेलंच) तर गरम पाण्यात सोडा टाकून ब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन. आधी लावून मग घट्ट करू नका, पकडीच्या मध्ये जातं.

सावधान: काढताना काळी वायर पहिली, बसवताना काळी शेवटी. लाल टर्मिनल सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि काळी जोडलेलीच असली तर पाना तिथेच वेल्डिंग होतो.

जाड वायरी, मोठा फ्यूज आणि अर्थची पट्टी कुठे जाते तेही बघून ठेवा. पावसाळ्यात उंदीर इंजिनमध्ये बिऱ्हाड करतात आणि छोट्या वायरी कुरतडतात, त्यामुळे अल्टरनेटरच्या प्लगची वायर शेवटपर्यंत टॉर्चने बघा.

इथे थांबा: काही सैल किंवा गंजलेलं सापडलं तर ते नीट करा आणि एक-दोन दिवस गाडी वापरून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

## टप्पा ३: आधी बॅटरीची परीक्षा

गाडी चालवून आल्या आल्या मीटर लावला तर बॅटरी नेहमी हुशारच दिसते, वरवरचा चार्ज असतो तो. रात्रभर उभी ठेवा. घाई असेल तर दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. मग मीटर डीसी २० वर, लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला.

१२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० आली तर पाव उरली, आणि ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. आकड्यांत फरक किती छोटा आहे बघा, म्हणून तर म्हटलं मीटरचा सेल नवा घाला.

१२.४ पेक्षा कमी असेल तर पुढचा एकही टप्पा करायचा नाही. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. ३५ एएचच्या (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साडेतीन अँपियरने रिकामीपासून साधारण १०-१२ तास लागतात. चार्ज करून, काही तास ठेवून, परत मोजा. पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच येऊन बसत असेल तर सहापैकी एक सेल गेलाय, एका सेलचे दोन-एक व्होल्ट (२.१ च्या आसपास) कमी होतात, आणि त्यावर इलाज नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल बघा, भरलेल्या सेलचं घनत्व १.२६५ च्या वर असतं आणि दोन सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक निघाला तर बॅटरी बाद.

नेहमीची चूक: "जंपर मारून गाडी चालू केली, आता हायवेला एक चक्कर मारतो, होईल चार्ज." डायनॅमो बॅटरी भरलेली ठेवायला असतो, रिकामी बॅटरी भरायला नाही. रिकामी बॅटरी, वर एसी, हेडलाइट, म्युझिक, असं सगळं त्याच्यावर टाकलं की तो तापतो आणि डायोड जातात. मग बॅटरीपायी डायनॅमो गेला की डायनॅमोपायी बॅटरी, हे कोणालाच कळत नाही.

## टप्पा ४: सेल्फ मारताना किती पडतं

इथे एक माणूस लागतो. मीटरचे प्रोब टर्मिनलच्या पकडीवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि सगळ्यात कमी आकडा बघा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेली तर बॅटरी दमली आहे. (सेल्फ जाम असला तरी जाऊ शकते, पण ते दुर्मिळ.)

आकडा १०.५ वगैरे छान आहे पण सेल्फ मात्र रडत रडत फिरतोय, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, केबल किंवा सेल्फ बघा.

## टप्पा ५: आता अल्टरनेटरची पाळी

गाडी चालू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. सगळं बंद ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये असलं की ठीक. आता हेडलाइट, ब्लोअर फुल, एसी, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही लावा आणि इंजिन १५०० ते २००० आरपीएमला धरा. १३.५ च्या वर टिकलं पाहिजे.

आयडलला मोजून "कमी चार्ज करतोय" म्हणणारे खूप भेटतात. आयडलला अल्टरनेटर आपल्या ताकदीच्या बऱ्याच खाली चालतो, त्यामुळे सगळं लावून आयडलला थोडं पडलं आणि रेस दिल्यावर वर आलं तर घाबरण्यासारखं नाही. आणि मे महिन्यात नागपुरात भर दुपारी तापलेल्या इंजिनवर मोजताय तर १३.६-१३.७ सुद्धा चालतं, रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) उष्णतेत मुद्दाम व्होल्टेज कमी करतो.

आकडा गाडी बंद असतानाएवढाच राहतोय किंवा हळूहळू उतरतोय म्हणजे चार्जिंग शून्य. १३ ते १३.५ मध्ये घुटमळतोय तर टप्पा ६ केल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. आणि १५ च्या वर गेला तर गाडी बंद करा, रेग्युलेटर गेलाय. याची आधीपासून लक्षणं असतात, बल्ब सारखे उडणं, बॅटरीतलं पाणी पटापट आटणं, सडक्या अंड्यासारखा वास. असली गाडी चालवत ठेवली तर बॅटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक्सही जाईल.

नवीन गाडीवाल्यांनी थांबा: बॅटरीच्या मायनसवर छोटी डबी आणि त्यात प्लग दिसतोय का? तो सेन्सर आहे. अशा गाड्यांत, आणि स्टार्ट-स्टॉप किंवा मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडवाल्या गाड्यांत, किती चार्ज करायचं ते ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ठरवतो. पेट्रोल वाचवायला मध्येच १२.७ वर आणतो, ब्रेक मारताना १४.८ वर नेतो. तिथे एक आकडा बघून अल्टरनेटर फेकून देऊ नका. हेडलाइट लावून, दहा मिनिटं बघत राहून, वर जातोय का एवढं तपासा. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांना बॅटरीही ईएफबी किंवा एजीएमच (सारखं चालू-बंद सोसणाऱ्या खास बॅटऱ्या) लागते, स्वस्त पडते म्हणून साधी टाकली तर वर्षभरात परत इथेच याल.

हे कधीच करू नका: चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "बंद पडते का बघू". गावोगावी अजूनही ही टेस्ट चालते. बॅटरी हीच अल्टरनेटरचा धक्का पचवणारी वस्तू असते, ती अचानक काढली की क्षणभरासाठी व्होल्टेज कितीतरी पट उसळी मारतं. पूर्वीच्या गाडीत फार तर बल्ब उडायचा. आता ईसीयू उडतो.

## टप्पा ६: वायर किती खाते ते मोजा

हा टप्पा जवळपास कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. अल्टरनेटर बनवतोय बरोबर, पण बॅटरीपर्यंत पोचतंय का?

गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले, २००० आरपीएम. लाल प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर, काळा प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर. हो, दोन्ही प्लसलाच. ०.२ पर्यंत ठीक, ०.३ च्या वर गेलं की ती वायर किंवा तिचे जोड बघायचे. मग काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि लाल अल्टरनेटरच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. इथे ०.१, फार तर ०.२.

सावधान: तो मागचा नट कायम थेट बॅटरीला जोडलेला असतो, प्रोबचं टोक तिथून घसरून बॉडीला लागलं तर मोठी ठिणगी पडते. आणि हात बेल्टपासून लांब.

आतेभावाची २०११ ची हॅचबॅक होती, १४ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या आणि एका गॅरेजने डायनॅमोचं कोटेशन पण दिलं होतं. आम्ही संध्याकाळी पार्किंगमध्ये मोजलं तर बॅटरीवर १३.०. बघितलं तर वाटतं की गेला डायनॅमो. अल्टरनेटरच्या नटावर मात्र १४.४. मायनसच्या बाजूला ०.०४, म्हणजे काहीच नाही, आणि प्लसच्या बाजूला तब्बल १.३५. बॅटरी सोडवून मागचा रबरी टोपा काढला तर खाली नट बोटाने फिरत होता, वायरचं गोल टोक जळून जांभळं-काळं झालं होतं आणि टोपा आतून वितळलेला. नवीन टोक दाबून बसवलं, नट घट्ट केला, बॅटरीवर १४.३. सेल्फची केबल वेगळी जाते ना, म्हणून चार्ज केलेल्या बॅटरीवर गाडी टुणकन चालू व्हायची आणि वायरिंगवर कोणाचा संशयच जात नव्हता.

प्लसला पूर्णच १२-१४ व्होल्ट दिसले तर मधला मोठा फ्यूज उडालाय. तो का उडाला हे शोधल्याशिवाय नवीन टाकू नका, बऱ्याचदा उलट्या जंपर केबलचा प्रताप असतो.

## टप्पा ७: डायोड

मीटर एसी व्होल्टवर, गाडी चालू, हेडलाइट लावलेले, प्रोब बॅटरीवर. ०.१ च्या आत हवं. ०.५ च्या वर गेलं तर डायोड प्लेट गेली. असा अल्टरनेटर डीसीला १३.८ दाखवून फसवतो, पण लाइट थरथरतात, म्युझिकमध्ये इंजिनच्या रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, आणि खराब डायोडमधून बंद गाडीतही बॅटरी रात्रभर गळू शकते.

## टप्पा ८: सगळं ठीक, तरी सकाळी बॅटरी खाली

मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. लाल प्रोब मीटरच्या १० अँपियरच्या भोकात घाला. बॅटरीची काळी वायर काढा आणि मीटर त्या वायरच्या आणि मायनस खुंटीच्या मध्ये लावा. गाडी लॉक, चावी लांब, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण वायर परत जोडली की गाडीतले सगळे कंप्युटर जागे होतात आणि सावकाश झोपतात. पाचव्या मिनिटाला आकडा बघून घाबरू नका.

५० मिलिअँपियरच्या आत असलं की ठीक. अर्धा अँपियर असेल तर ३५ एएचची बॅटरी तीन दिवसांत रिकामी.

सावधान: मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, चावीही ऑन करायची नाही. स्वस्त मीटरच्या १० अँपियरच्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. आणि काम झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. तो तिथेच राहिला आणि उद्या तुम्ही व्होल्ट मोजायला बॅटरीवर टेकवला तर थेट शॉर्ट.

चोर शोधायला फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेली गाडी परत जागी होते. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे तिथून काही वाहत नाही. माझा अनुभव असा की पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूवर घ्यावा, डॅशकॅम, जीपीएस, अँप्लिफायर, नाहीतर डिकीतला विझत नसलेला दिवा.

## टप्पा ९: गॅरेजला जाताना

वही घेऊन जा. "चार्जिंग होत नाही" म्हणू नका, "मागच्या नटावर १२.३, वायरमध्ये ड्रॉप नाही, चावी ऑनला दिवा लागतो" असं सांगा. मग अख्खा डायनॅमो बदलायची भाषा आपोआप कमी होते. कार्बन, रेग्युलेटर, प्लेट, बेअरिंग हे सगळं बऱ्याच मॉडेलला सुटं मिळतं आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन खोलून दाखवतो. कार्बन झिजले असतील तर तांब्याच्या रिंगाही बघायला सांगा, त्यात खोल चर पडली असेल तर नवे कार्बनही टिकणार नाहीत. वाइंडिंग जळल्याचा वास येत असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

काढलेले जुने भाग मागून घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, टप्पा ५ आणि ६ चे आकडे तिथेच उभं राहून परत घ्या. मिस्त्री थोडा वैतागतो, वैतागू दे.